पेटी कोमट लागते

उंब्रज,
ता. २९ ऑक्टोबर १९४६

राजमान्य राजेश्री मानसिंगराव दाजी यांस जोतीरामचा रामराम.

इकडे सगळे खुशाल, तुमची खुशाली पत्रातून कळली. रीतीचं लिहून झालं. बहीण दिली म्हणून पाकिटावर दाजी लिहिणं भाग आहे. पण लढाईत बसऱ्याच्या बराकीत ज्याचे मोजे मी तीन वर्षं नुसत्या वासावरून ओळखले, त्याला आतल्या कागदावर अहोजाहो करायला माझी लेखणी राजी नाही. तेव्हा गड्या, तूच.

भाऊबीजेला राहीला पाठवलं नाहीस याचा तात्यांना राग आहे. मला नाही, कारण धंद्याचे दिवस आहेत हे मला कळतं. तात्यांचा दमा थंडी पडल्यापासून वाढलाय. भुईमूग निघाला, शेंग बरी भरली. शाळू डोलतोय. मी दिवसा रानात आणि संध्याकाळी गावातले रेडिओ दुरुस्त करीत असतो. गावात रेडिओ एकच आहे, त्यामुळं तो फार वेळा दुरुस्त होतो.

तुझं पत्र तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शांतिनाथआण्णांनी लाँचला हिरवा रंग दिला, सांगलीच्या घाटापासून हरिपूरच्या संगमापर्यंत फेऱ्या चालू आहेत, बसायला जागा पुरत नाही, हे ऐकून ते खूश झाले. लष्करानं मोडीत काढलेली लाँच मुंबईहून मालमोटारीवर घालून सांगलीला आणणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर व्यापारी, असं त्यांचं म्हणणं. आण्णा दोन्ही आहेत असं मी सांगितलं.

तिथवर मोठ्यानं वाचलं. पुढची ओळ मनात वाचली. तू लिहितोस, दिव्याच्या पेटीवर हात ठेवला की पेटी कोमट लागते, आणि कोंडीबा म्हणतो, "माई जागी हाय." आणि त्याला लागूनच राहीनं केलेल्या अनारशांचं कौतुक. बाबा रे, अनारशांच्या शेजारी मांडायची ही गोष्ट नव्हे.

कोंडीबा भला माणूस आहे. चाळीस वर्षं कृष्णेत नाव हाकून म्हातारा झालेल्या माणसाच्या हाती आण्णांनी लाँचचं सुकाणू दिलं ते योग्यच केलं. पण सुकाणूखालच्या त्या लाकडी पेटीत कृष्णामाई बसली आहे हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं, ते जाऊ दे. तू म्हणतोस रोज कुंकू लावतो, हार घालतो, उदबत्ती खोचतो आणि कुणाला झाकण उघडू देत नाही. उदबत्ती तरी पेटीवर नको म्हणावं. खाली पेट्रोल आहे.

तू इंजिनाचा माणूस, मी विजेचा, म्हणून दोन शब्द शिकवल्यासारखे लिहितो, राग मानू नकोस. बॅटरीला लोक भीत नाहीत, कारण बारा व्होल्टचा झटका बसत नाही. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर लाल होऊन चिकटतो, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची तार. भार जास्त झाला की ती आधी जळते आणि बाकीची वायर वाचते. ती जागच्या जागी बॅटरीपासून हात-दीड हातावर हवी. आपल्या लाँचवर ती मागं, पेटीत आहे, आणि बॅटरी इंजिनापाशी. मधली वायर फळ्यांखालून, टाकीला घासून जाते. हे काम मीच केलंय, म्हणून कसं झालंय ते मला ठाऊक. आण्णांना दसऱ्याची घाई होती आणि जाड वायर मुंबईहून यायची होती. आहे त्या वायरवर सोळा बल्ब पुष्कळ झाले. आणखी लावू देऊ नकोस.

पेटी उघडून एकदा बघायला हरकत नाही. अगदी घाई आहे असं नाही. कोंडीबाला दुखवू नकोस.

दिवाळीत आटपाडीला आपल्या बराकीतल्या आकारामच्या आईकडं जाऊन आलास का? तू दर वर्षी जातोस. मला यंदाही जमलं नाही. म्हातारीला माझा रामराम सांगितलास की नाही तेही कळव, किंवा नको कळवूस.

राहीला आणि भाची गुणीला आशीर्वाद.

तुझा,
जोतीराम

ता. क. कोमट म्हणजे किती कोमट? दुधाइतकी की चहाइतकी?


उंब्रज,
ता. ४ नोव्हेंबर १९४६

मानसिंग दाजी यांस रामराम विशेष.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं, लगेच लिहायला बसलोय. तात्या विचारतात एवढी काय घाई, मी सांगितलं डाक दुपारी निघते.

"चहाइतकी, पण बशीत ओतलेल्या," असं तू गमतीनं लिहिलंस. मला हसू आलं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला आण्णा आणखी बारा बल्बांची माळ लावणार आहेत, त्यांच्या घरच्या पद्मावतीबाई गल्लीतल्या पंचवीस-तीस बायका घेऊन नदीत दिवे सोडायला लाँचमधून जाणार आहेत, आणि राही आरतीचं तबक घेऊन मागं पेटीजवळ बसणार आहे, कारण माईच्या पेटीची पूजा तिच्याकडं दिलीय. गुणीही तिच्या मांडीवर असेल. हे सगळं तू एका दमात लिहिलंस. आणि शेवटी, मागच्या दोन फेऱ्यांत तिसऱ्या फळीखालून रबर जळल्यासारखा वास आला, कोंडीबा म्हणतो माईनं धूप घेतला.

तो धूप नव्हे. तुला ते कळत नाही असं नाही. बसऱ्याला तो वास आपण दोघांनी घेतलाय.

तेव्हा पेटी उघड. आधी बॅटरीवरची लाल वायर पान्यानं सोडव, मग झाकण काढ, मग आत काय आहे ते बघ. मधे जी तार असेल ती काढून टाक आणि माझ्या पत्र्याच्या डबीत बारीक फ्यूजची तार गुंडाळून ठेवलीय, तिचा एकच पदर लाव. एकच. दिवे जळले नाहीत तरी चालेल. सोळाच्या वर एक बल्ब नको. कोंडीबा आडवा आला तर सांग, जोतीरामनं निरोप धाडलाय, माईला स्नान घालायचंय. माझं तो ऐकेल.

आत काही वेगळं दिसलं तर आश्चर्य करू नकोस. उंदीर असतात. दमट हवेत तारेवर हिरवं चढतं. कुणी मधे हात घातला असेल.

आण्णांना यातलं काही बोलू नकोस. बोललास तर ते म्हणतील, सध्या लाँच मानसिंगच्या ताब्यात आहे, आणि तुझ्यावर येईल. तसं पुन्हा व्हायला नको.

मानसिंग, आकारामच्या त्या

वरची ओळ अर्धी राहिली, तात्यांना ठसका लागला म्हणून उठलो होतो. आता काय लिहीत होतो ते आठवत नाही.

पौर्णिमेच्या आत उलट टपाली लिही. फक्त दोनच शब्द लिही, पेटी उघडली. बाकी खुशालीचं काही नको.

तुझा,
जोतीराम


इस्लामपूर, मोटार अड्डा,
ता. ८ नोव्हेंबर १९४६, त्रिपुरी पौर्णिमा, दुपारी चार

मानसिंग,

दिवे लावू नकोस. पेटीतला फ्यूज फ्यूज नाही. तांब्याची जाड तार आहे, तीन पदरी, आणि ती मी घातलीय. बॅटरीची लाल वायर सोडव आणि फेरी कंदिलावर होऊ दे, नाहीतर होऊच देऊ नकोस.

हे चार दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. दहा दिवसांपूर्वी तर हवंच होतं. तेव्हा मी तुला शेंगा भरल्याचं लिहीत बसलो.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. दोन शब्द मागितले होते, तू पानभर लिहिलंस. कोंडीबा पेटीवर हात पसरून बसला, म्हणाला, पुजलेली पेटी पुनवेआधी उघडली तर माई लाँच ठेवायची न्हाई. मग तू त्याचं ऐकलंस. पुढचं तुझ्याच शब्दांत लिहितो, कारण काल रात्रीपासून ते माझ्या कानात आहे: "तुझ्या हातची वायर हाय गड्या. तिच्यावर शक घ्यायचा तर सख्ख्या भावावर बी घ्यावा लागंल. आन् तुला म्हाईत हाय, आकाराम गेल्यापासनं मी फ्यूजला हात लावायचा न्हाई म्हणून आन घेतलीया. पुनव झाली की तू ये, दोघं मिळून उघडू."

पहाटे पहिल्या मोटारीनं निघालो. कऱ्हाडला दोन तास गेले. पुढं पेठ गावाच्या अलीकडं मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तिथून चालत इस्लामपूर गाठलं. सांगलीची मोटार पौर्णिमेच्या गर्दीनं भरून वेळेआधीच सुटली होती. आता गुळाची एक मालमोटार सांगलीला जाणार आहे. ढेपा भरणं चालू आहे. मी चार ढेपा स्वतः उचलून दिल्या, तर हमाल म्हणाले, पाव्हणं, बसा, तुमच्यानं न्हाई व्हायचं. म्हणून हॉटेलच्या बाकावर बसून लिहितोय. तुझ्या हातात हे पत्र मीच देईन. समोर उभा राहून बोलायची माझी छाती नाही हे मला गेली तीन वर्षं ठाऊक आहे.

तार केलीय. आण्णांच्या पेढीवर, तासापूर्वी. दिवे लावू नका, दोष माझा, जोतीराम. पोस्टमास्तर म्हणाले, पहिले तीन शब्द पुरेत, दोष कशाला? मी म्हटलं, त्याच्यासाठीच पैसे भरतोय. तार पाचपर्यंत पोचेल म्हणाले. पण पेढीला आज कुलूप असेल आणि आण्णा घाटावर पणत्या मांडीत असतील, हे त्यांना सांगून काय उपयोग.

आता सगळं ऐक.

दसऱ्याला लाँचची पहिली फेरी निघाली तेव्हा तू उंब्रजला होतास. आण्णांनी संस्थानातली बडी मंडळी बोलावली होती. नदीच्या मधोमध दिवे गेले. मी फ्यूज बांधला, पुन्हा गेले. काळोखात कुणीतरी म्हणालं, लष्करातला विजेवाला एवढ्याशा वाऱ्यानं विझतो होय. सगळे हसले. आण्णाही हसले, ते मला जास्त लागलं. खिशात तांब्याची तार होती. तीन पदर पिळून दाबून बसवली. दिवे लागले ते गेलेच नाहीत. टाळ्या पडल्या. कोंडीबा सुकाणू धरून वाकून बघत होता, म्हणाला, काय केलासा आत? मी म्हटलं, माई बसवली. झाकण उघडशील तर कोपेल. त्यानं मुंडासं काढून पेटीला डोकं टेकलं. मला हसू आवरेना.

सकाळी काढणार होतो, देवाशप्पथ. पण सकाळी आण्णांनी घाटावर सगळ्यांदेखत मला फेटा बांधला, नारळ दिला. फेटा बांधून घेतलेला माणूस खाली वाकून आपली चूक उपसत नाही. चार दिवसांनी तात्यांचं निमित्त झालं. मी गाव गाठलं आणि माझ्या जागी तुला बसवलं. आण्णांना म्हणालो, माझ्यापेक्षा सरस माणूस देतो. ते खोटं नव्हतं.

तार जाड आणि वायर बारीक. मग भार वाढला की जळणार कोण? वायर. ती फळ्यांखाली आहे, पेट्रोलच्या टाकीला लागून. आज सोळाचे अठ्ठावीस बल्ब होणार. हे तुला शिकवायची गरज नव्हती, बसऱ्यानं शिकवलंय. पण बसऱ्याला काय झालं ते तुला नीट ठाऊक नाही.

साहेबांच्या लाँचचा मोठा दिवा सारखा बंद पडायचा. साहेब शिव्या द्यायचा. एका संध्याकाळी मी फ्यूजच्या जागी तार घातली आणि बराकीत येऊन तुमच्याबरोबर पत्ते खेळलो. दुसऱ्या दिवशी आकाराम पेट्रोल भरायला गेला आणि लाँचवर भडका उडाला. तो दोन दिवस इस्पितळात होता, तू त्याच्या उशाशी होतास. चौकशीत जळकी पेटी उघडली, तार निघाली. लाँच तुझ्या ताब्यात होती. साहेबानं विचारलं, ही कुणी घातली? तुला वाटलं आकारामनं घातली. मेलेल्याचं नाव सांगितलं तर त्याच्या आईची पेन्शन जाईल म्हणून तू पुढं झालास आणि म्हणालास, मी घातली, साहेब. तुझी नाईकची फीत तिथल्या तिथं उतरवली.

मी रांगेत तुझ्यापासून तिसरा उभा होतो. साहेबानं आणखी कुणाला काही सांगायचंय का असं दोनदा विचारलं. मी समोर भिंतीकडं बघत राहिलो.

रजेवर आलो तेव्हा तात्यांच्या मागं लागून राहीला तुला दिली. तुला वाटलं दोस्तीखातर. दोस्ती होतीच रे. पण खरं सांगायचं तर माझ्या गळ्याशी जे अडकलं होतं ते तिच्या लग्नानं उतरेल असं मला वाटलं होतं. नोकरी दिली तीही त्याचसाठी. आणि जी दिली तिच्यातही तीच तार.

काल रात्रभर एकच विचार केला. त्या पेटीला दोन कुलपं आहेत. कोंडीबा उघडू देत नाही ते माझ्या थापेपायी, आणि तू उघडत नाहीस ते तुझ्या शपथेपायी. ती शपथही माझ्याच थापेवर उभी आहे. आकारामनं तार घातली नव्हती, तूही घातली नव्हतीस. फ्यूजला हात न लावण्याची शपथ ज्यानं घ्यायला हवी होती तो फेटा बांधून हिंडत होता. ती शपथ आजच्या आज मोड. पाप माझ्या माथी.

आटपाडीला मी कधीच जात नाही ते का, हे आता तुला कळलं. तिथंही जाईन. तू बरोबर आलास तर बरं, नाही आलास तर एकटा जाईन. आण्णांना काय सांगायचं ते मी सांगेन. तू या वेळी पुढं होऊ नकोस, तुला राहीची आण आहे. पुढं व्हायची सवय आहे तुला, म्हणून लिहितो.

साडेपाच होत आले. मालमोटार भरून झाली, पण ड्रायव्हर चहा पितोय. मी त्याला म्हटलं, माझी माणसं पाण्यावर आहेत. तो म्हणाला, आज समद्यांचीच हायत, पुनव हाय. तो वाईट नाही, त्याला काय ठाऊक. इथून सांगली पक्का दीड तास. तुझी फेरी दिवेलागणीला सुटते असं तूच लिहिलंयस. हिशेब मला येतो, म्हणून करीत नाही.

कदाचित तार पोचली असेल. कदाचित बल्बांची माळ आलीच नसेल. तिसऱ्या फळीचा वास तुझ्या नाकात पुन्हा शिरला असेल आणि तुला बसऱ्याची आठवण झाली असेल. तू हुशार आहेस. तू पेटीवर हात ठेवून बघ. आज ती चहाइतकी नसेल. हात ठेववणार नाही इतकी झाली तर बायकांना आधी पुढच्या बाजूला घे, मग इंजिन बंद कर, आणि राहीला म्हणावं, तबक नदीत टाक आणि गुणीला उचल.

ड्रायव्हर उठला. हॉटेलवाल्यानं कंदिलाची काच पुसून वात पेटवली, आणि दिवा लागला म्हणून बाकावरच्या सगळ्यांनी हात जोडले. लेखणी खाली ठेवून मीही जोडले. तिकडं तू बटण दाबलं असशील, अठ्ठावीस दिवे लागले असतील, आणि पेटीला कुंकू लावून राहीनंही जोडले असतील.

तुझा म्हणवून घ्यायचं की नाही ते तू हे वाचल्यावर ठरव.

तार घालणारा,
जोतीराम